पेजेचा पाट

तुम्ही ज्याच्यावर पाय ठेवून उभे आहात तो पाट पाण्याचा नाही. पायाखाली नीट पाहा. जांभ्या दगडात वीतभर रुंद आणि तेवढीच खोल पन्हळ खोदली आहे. ती सड्याच्या, म्हणजे या कातळपठाराच्या, कडेवरून निघते आणि खाली खाडीच्या अंगाला जी सपाट जागा दिसते आहे, तिथवर उतरते. येणारे लोक विचारतात की विहीर नाही, शेत नाही, मग पाट कशाला? हा पेजेचा पाट. यातून पेज वाहायची. आमच्या करंजसड्यात सहा पिढ्या चिरे काढणारी आमचीच एक शाखा, आणि हा पाट आमच्याच कोणा पूर्वजाने खोदला असे सांगतात. त्याचा अभिमान धरावा की लाज, हे मला सत्तरी उलटली तरी ठरवता आलेले नाही.

म्हामायेच्या, म्हणजे आमच्या गावदेवीच्या, जत्रेला आलात तर तुम्हाला आमची रीत दिसेल. पेज शिजली की वाढणारी बाई आधी तिच्यात आपले बोट बुडवते, मग सगळ्या पंगतीसमोर उभी राहून पहिला घास स्वतः खाते, आणि मगच वाढते. बाहेरच्यांना याची किळस येते. वाढणारीने शेवटी जेवायचे अशी सगळ्या मुलखाची पद्धत, आणि आमच्याकडे ती उष्ट्या तोंडाने वाढते! पंचायतीने तिकडे पाटी लावली आहे, तीवर ‘करुणेची परंपरा’ असे लिहिले आहे. पाटी लिहिणारा माझा पुतण्याच. त्याला म्हटले, अरे, करुणा कुठे होती ती मला तरी दाखव. तो म्हणाला, तुमच्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट पाटीवर मावत नाही. ते मात्र खरे. तेव्हा इथे सावलीला बसा, मी ती सांगतो.

फार जुनी गोष्ट. त्या काळी कुष्ठरोगाला महारोग म्हणत, रगतपितीही म्हणत, आणि ज्याच्या अंगावर चट्टा उठला, बोटे आखडली, त्याला घराबाहेर काढत. आमच्या गावाने काढलेल्यांना खाली, त्या सपाटीवर नेऊन बसवले. वरचे लोक त्यांना नावाने हाक मारीनात. सगळ्यांचे मिळून एकच नाव, खालचे. त्यांनी चढण चढून वर यायचे नाही आणि वरच्यांनी उतरायचे नाही, असा बारा-पाच, म्हणजे गावच्या मानकऱ्यांचा, ठराव होता. पण माणसे उपाशी मारली तर पाप लागेल, याची गावाला धास्ती. म्हणून पाट खोदला. सात घरांना आठवड्याआठवड्याची पाळी लावून दिली. ज्या घराची पाळी त्या घरच्या बाईने रोज सकाळी मडकेभर पेज रांधायची, सड्याच्या कडेवर आणायची आणि पाटात ओतायची. स्पर्श नाही, पाप नाही, आणि पुण्य मात्र मिळाले.

जांभा खडबडीत असतो. गार पेज त्याला चिकटून बसते, अर्ध्या वाटेवर अडकते. म्हणून पेज उकळती ओतायची असे ठरले. खाली पाटाच्या तोंडाशी हे लोक ओंजळी धरून उभे असत. धातूचे भांडे त्यांना द्यायचे नाही, आणि करवंटीत मावते ते किती? एक थेंब दगडावर सांडू नये म्हणून ते हातच पुढे करीत. आणि या रोगात हातांची जाणीव जाते. उकळती पेज ओंजळीत पडे आणि त्यांना कळत नसे. संध्याकाळी फोड येत, फोडांच्या जखमा होत, जखमा सडत, बोटे झडत. वरून पाहणारे म्हणत, पाप झडते आहे.

त्यात गावाला एक वैद्य भेटला. त्याने पथ्य सांगितले. मीठ रक्त तापवते म्हणून मीठ बंद. मासे बंद, कुळीथ बंद, ओला नारळ बंद. गावकार राघोबा, म्हणजे मानकऱ्यांचा मुख्य, त्याने देवीला कौल लावला आणि देवीनेही पथ्यालाच कौल दिला, म्हणे. पथ्य हा शब्द फार सोयीचा आहे. पहिल्या वर्षी उकड्या तांदळाची पेज जात होती. पुढच्या वर्षी वैद्य म्हणाला तांदूळ जड, नाचणी द्या. त्याच्या पुढच्या वर्षी नाचणीही जड झाली आणि मडक्यात कोंडा आला. दर वेळी गावाच्या कणग्या थोड्या भरत गेल्या आणि खालच्यांचे पथ्य थोडे कडक होत गेले. कोणी चोरी केली असे कोणालाच वाटले नाही. सगळे औषधच देत होते.

राघोबाच्या सुनेचे नाव द्रुपदा. नवव्या वर्षी लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिची वेणी घालायला, तिला रांधायला शिकवायला जी होती ती तिची नणंद सुंदरा. राघोबाची लेक, बालविधवा, माहेरीच राहिलेली. द्रुपदाला आईची आठवण यायची तेव्हा ती सुंदरेच्या कुशीत झोपायची. पुढे सुंदरेच्या कानाच्या पाळ्या जाड झाल्या, भुवया गळल्या. राघोबाने स्वतःच्या लेकीलाही खाली धाडले. न्यायात त्याने घरचे-परके केले नाही, याचे गावाला फार कौतुक वाटले.

आपल्या पाळीला द्रुपदा मडके घेऊन कडेवर उभी राही तेव्हा खालून सुंदरा मान वर करी. तिने कधी नेसायला मागितले नाही, औषध मागितले नाही. ती एवढेच म्हणे, “द्रुपदे, एक मिठाचो खडो तरी टाक गो. ह्या काय जेवाण? गोरवांचा आंबोण ह्यापरीस बरा.”

यापेक्षा गुरांचे आंबोण बरे, असे वन्सं बोलत आणि ही मडके पालथे करून परत येई. घरी आल्यावर तिला जेवण जाईना. ताटात मीठ वाढलेले दिसले की तिला रडू कोसळे.

शेवटी तिने मीठ दिले. पण आपल्या पेजेत घातले असते तर एका दिवसात नाव फुटले असते. म्हणून तिने काय केले, पाहा. भर दुपारी, सडा तापून पाय ठेववत नाही आणि माणूस घराबाहेर पडत नाही अशा वेळी ती इथे आली, आणि पाटाच्या दगडालाच ओले मीठ चोळले. जांभ्याच्या भोकाभोकांत दाबून भरले. आता कोणत्याही घरची पेज ओतली तरी ती खारट होऊनच खाली जाणार. दर दोन-तीन दिवसांनी ती येऊन चोळून जाई. जात्यावर दळून तिच्या तळव्याला चिरा पडल्या होत्या. त्यात मीठ झोंबायला हवे होते, पण झोंबले नाही. तेव्हा तिला ते आपले नशीबच वाटले.

खाली काय झाले असेल ते तुम्हीच मनात आणा. तीन वर्षे अळणी खाणाऱ्या माणसांच्या जिभेवर मीठ पडले. पेज संपली तरी ती माणसे पाटाचे तोंड चाटत राहिली. आणि सुंदरेला आनंद आवरला नाही. एका सकाळी पेज खाऊन ती मोठ्याने वर ओरडली, “मीठ घालणारीचा बरा होवंदे गो माये!” नेमका त्या दिवशी राघोबा कडेवर देखरेखीला उभा होता. लेकीचा आशीर्वाद बापाच्या कानी पडला.

त्याने दगडाला बोट लावून जिभेवर ठेवले. वैद्य धावत आला आणि म्हणाला की मिठाने रोग चेतला, आता तो वर चढणार. त्याच आठवड्यात वरच्या वाडीतल्या एकाच्या पाठीवर पांढरा डाग दिसला. मग काय विचारता? सगळा गाव पाटावर गोळा झाला. राघोबाने खाली वाकून लेकीला विचारले, मीठ कोणी दिले? सुंदरा बोलली नाही. त्याने पेज बंद केली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी खाली दोन म्हातारी माणसे मेली. सुंदरा तरीही बोलली नाही.

मग दिव्य ठरले. सात घरांच्या सात बायका म्हामायेच्या देवळासमोर उभ्या केल्या. चुलीवर पेजेचे मडके रटरटत ठेवले, तळाशी सात सुपाऱ्या टाकल्या. प्रत्येकीने हात घालून एक सुपारी काढायची. जी खरी तिला देवी राखील, तिला झळ लागणार नाही, आणि जी खोटी ती ओरडेल. असा तो न्याय होता.

पाच जणींनी काढल्या. त्या कळवळल्या, पण सुपारी सोडली नाही. सहावी द्रुपदा. गुन्हेगार आपणच हे तिला ठाऊक होते. तिने डोळे मिटून हात मनगटापर्यंत घातला. आणि काहीच झाले नाही. तळाशी चाचपडून तिने सुपारी शोधली, वर काढली, तळहातावर धरून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती. लोकांनी देवीचा गजर केला. बायका तिच्या हाताला कपाळ टेकवायला पुढे सरल्या. त्या गर्दीत आपल्या हाताचे काय झाले आहे ते एकट्या द्रुपदेला कळले.

सातवी तुळसा. गरिबाघरची, चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली. पेज रांधायची पाळी तिला उभ्या जन्मात दोनदाच आली होती. तिने हात घातला मात्र, किंकाळी फोडून मागे घेतला. सुपारी मडक्यातच राहिली. न्याय झाला. खालच्यांचा एवढा पुळका आहे ना, मग त्यांच्यातच जाऊन राहा, असे राघोबाने सांगितले. तिचा नवरा देवळाच्या खांबाकडे तोंड करून उभा होता. तो तसाच उभा राहिला.

तुळसेला ढकलत पाटाकडे नेऊ लागले तेव्हा द्रुपदा आडवी आली. म्हणाली, “मीठ मियां घातलंय. तिचो काय गुन्हो नाय. माझो हात मेललो आसा, म्हणान माका भाजलेला कळाक नाय.”

राघोबा म्हणाला, “म्हामायन साक्ष दिली. सुनेचा मन मऊ, दुसरेक वाचवूक खोटा बोलता.”

तिने परत मडक्यात हात घातला, कोपरापर्यंत, आणि तसाच ठेवला. कातडी लाल होऊन सुटायला लागली तरी ठेवला. मी रोगी आहे हो, असे ती सांगत होती. आणि ती जो जो दाखवी तो तो माणसे तिच्या पाया पडत होती. वैद्य अगदी पुढे उभा होता. त्याला कळले नसेल असे मला वाटत नाही. पण खालच्यांना न शिवता गावकाराच्या सुनेला हा रोग कसा झाला, हे त्याला सांगावे लागले असते. तो पण पाया पडला. तुळसेला खाली उतरवले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच द्रुपदा आपल्या पायांनी खाली गेली. बरोबर एक परडी मीठ, थोडे कुळीथ आणि सुक्या बांगड्यांची एक माळ. गावकाराच्या घराची अब्रू जायला नको म्हणून सून देवीत विलीन झाली असे जाहीर केले. देवळाच्या उजव्या अंगाला हळदकुंकू माखलेला जो दगड आहे तो तिचा. म्हणजे बाई खाली जिवंत, आणि वर तिच्या दगडाला दर सोमवारी दहीभाताचा नैवेद्य. पाटात मात्र त्या दिवसापासून कोणी काही ओतले नाही. रोग वर चढायला नको म्हणून.

पाट कोरडा पडल्यावर खालची माणसे आठवड्याभरात मरतील असा गावाचा हिशेब होता. ती मेली नाहीत. द्रुपदेने पथ्य मोडले. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला लावल्या. उन्हाळ्यात खडकांच्या खळग्यांत मीठ धरते, ते खरवडले. उतारावर नाचणी आणि कुळीथ पेरले. पावसात टाकळ्याची भाजी, एरवी शेवग्याचा पाला. वैद्याने जे जे विष म्हणून सांगितले होते ते ते ती माणसे पोटभर जेवली, आणि अंगावर मांस धरू लागली. पण अन्न अंगी लागले तरी हात मेलेलेच होते. चुलीवरचे मडके उचलताना, पेज करवंटीत घेताना, रोज कोणाचे तरी बोट भाजे.

तिथे तुळसा कामाला आली. त्या सगळ्या वस्तीत कळणारा हात तिचा एकटीचा. ज्या हाताने तिला खोटी ठरवले, तोच. ती मडक्यात बोट बुडवी, चटका बसला की मागे घेई आणि म्हणे, “थांबा, भाजता.” सगळे थांबत. थोड्या वेळाने पुन्हा बुडवी आणि म्हणे, “निवली. जेवा आता.” मग सगळे जेवत. तिच्या बोटाला कायमचा फोड असे. पण बाकीच्यांच्या जखमा भरत आल्या, बोटे झडायची थांबली. अशी बारा वर्षे गेली, म्हणे. सुंदरा मेली ती कुळथाची पिठी ओरपून, जिभेवर मिठाची चव घेऊन मेली. पुढे द्रुपदाही गेली. तुळसेच्या अंगावर मात्र चट्टा नव्हता, म्हणून ती दरवर्षी चढण चढून अर्ध्यावर येई आणि मला घ्या म्हणून हाक मारी. वरून दगड येत.

तेराव्या वर्षी राघोबाला खाली आणून सोडले. मुलगा मागे राहिला नव्हता म्हणून गावकारकी आता पुतण्याकडे होती, आणि पुतण्याने चुलत्याच्या पायांवरचे चट्टे पाहिले होते. न्यायात त्यानेही घरचे-परके केले नाही. दोन दिवस राघोबा पाटाच्या तोंडाशी बसून राहिला. वरून पेज येईल अशी त्याला आशा होती. तिसऱ्या दिवशी त्याने पोटापुढे हार मानली आणि येऊन खालच्यांच्या पंगतीत बसला.

तुळसेने त्याला ओळखले. काही न बोलता तिने मडके उतरवले, बोट बुडवले आणि म्हणाली, “निवली. जेवा आता.”

पेज निवली नव्हती. मडक्यातून वाफा निघत होत्या. पण बारा वर्षे त्या बोटावर सगळ्यांचा विश्वास होता. त्यांनी करवंट्या तोंडाला लावल्या आणि तोंडे पोळली. हात मेलेले होते, जिभा जिवंत होत्या. एका घोटात सगळ्या पंगतीला कळले की तुळसेचे बोट गेले. आणि कोणी हूं की चूं केले नाही. तिला कळू नये म्हणून त्यांनी ती उकळती पेज मुकाट्याने गिळली. राघोबानेही गिळली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण तोंड उघडले नाही.

शेवटी तुळसेने आपला वाटा घेतला. पहिला घोट घेतला आणि ती थांबली. तिने पंगतीकडे पाहिले. सगळ्यांचे ओठ सुजले होते. मग तिने आपला हात डोळ्यांसमोर धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

“भाजता,” ती म्हणाली. “माका कोणी सांगूक नाय.”

मग राघोबाच्या समोर जाऊन उभी राहिली. “तू वराडलंस नाय, गावकारा. म्हणजे तुझ्या न्यायान तू खरो.”

तो तिच्या पायांवर पडला असे काही लोक सांगतात. मला ते खरे वाटत नाही. माझे आजोबा सांगायचे की तो नुसता बसून राहिला. पण दुसऱ्या दिवसापासून तो रोज पाटाखाली उभा राहून वर पुतण्याला ओरडून सांगू लागला, की म्हामायेच्या पंगतीला वाढणारीने बोट बुडवावे, आणि बोटावर विश्वास न ठेवता पहिला घास स्वतः खावा. आवाज जाईपर्यंत तो ओरडत होता, म्हणे. पुतण्याने रीत घालून दिली ती त्याच्या प्रेमाने नव्हे. पुढची पाळी आपली असू शकते, हे त्याला कळले होते.

आजही जत्रेला आमच्या बायका बोट बुडवतात, घास खातात, आणि भाजले तर “भाजता” म्हणून मोठ्याने सांगतात. तेवढा वेळ पाचशे माणसे पानावर हात आवरून बसतात. या रोगावर आता सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या मिळतात आणि माणूस पुरता बरा होतो, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. गेल्या वर्षी तालुक्याच्या कुष्ठवसाहतीतून तीन म्हातारी माणसे दर्शनाला आली होती. रोग जाऊन चाळीस वर्षे झालेली, फक्त बोटे तेवढी राहिली नव्हती. त्यांना जेवायला बसवले, बसवले नाही असे नाही. पण पिंपळापलीकडे, वेगळे. कागदी द्रोण लांबून सरकवले आणि एका पोरीने पळीने पेज ओतली. तिने बोट बुडवले नाही, घासही खाल्ला नाही. त्यांच्यातल्या एका बाईने दोन्ही तळव्यांत द्रोण धरला होता. द्रोण भिजून फाटला आणि पेज तिच्या हातांवरून वाहत गेली. बाईला ते कळलेच नव्हते. मी वरच्या पंगतीत तिसऱ्या पानावर होतो, मला सगळे दिसत होते. मी उठलो नाही.